पेटीवरचा गांधार

भीमपलास रंगात आलेला असतो. गायक मध्यमावर रेंगाळतो आणि तिथून कोमल गांधारावर उतरतो. आवाज मधली सगळी वाट चालत खाली येतो आणि त्या वाटेवरच भीमपलासाचा सगळा भाव असतो. डावीकडे पेटीवर बसलेल्या साथीदाराला ही वाट उपलब्ध नसते. षड्ज पांढरी एकचा धरला तर मध्यम पांढऱ्या पट्टीवर येतो, कोमल गांधार काळ्या पट्टीवर, आणि दोघांच्या मध्ये शुद्ध गांधाराची पांढरी पट्टी उभी असते. बोट चुकून तिच्यावर पडलं की राग मोडला. मींड तर दाखवायची आहे, पण मधला स्वर वाजू द्यायचा नाही, अशी ही अडचण. हुबळी-धारवाड, बेळगाव, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यातल्या पेटीवाल्यांच्या काही पिढ्यांनी तिच्यावर उत्तरं शोधली आणि त्या उत्तरांतून त्यांची शैली घडली.

याच दोन पट्ट्यांशी अमेरिकेतले ब्लूज वाजवणारे पियानोवादकही झुंजत होते. कृष्णवर्णीय गायक ब्लूज गाताना गांधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लावतात. पंचम आणि निषादही असेच किंचित उतरवून, हलवून घेतात. गिटारवाला तार ओढून तो स्वर काढतो, ट्रम्पेटवाला ओठांनी वाकवतो. पियानोची तार लाकडी पेटाऱ्यात बंद असते, तिला हात लावता येत नाही. म्हणून पियानोवाल्यांनी काळ्या पट्टीवरून बोट घसरवत शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर आणायला सुरुवात केली. कोमल गांधार क्षणभर वाजतो, त्याच्या अंगावरच शुद्ध गांधार येतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला दोन्हींच्या मधला, पियानोवर नसलेला स्वर ऐकू आल्याचा भास होतो. बोट काळ्यावरून पांढऱ्यावर सहज घसरतं, उलट दिशेला अडखळतं. त्यामुळे पांढरी एकच्या षड्जात ही युक्ती हाताला फार सोयीची पडते.

भीमपलासात जो शुद्ध गांधार वर्ज्य, तोच ब्लूजमध्ये कोमल गांधाराचा जोडीदार होतो. दोन्हीकडच्या वादकांचं काम मात्र एकच आहे: पट्ट्यांनी जे नाकारलं ते कानाला ऐकवायचं.

१९१७ साली जन्मलेले दोघे

थेलोनियस मंक यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१७ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉकी माउंट इथला. लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कला आलं आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबात ते नेमाने पियानोवर बसू लागले. जॅझच्या नव्या वळणाची जडणघडण ज्या मोजक्या ठिकाणी झाली त्यांतलं हे एक. लगतचे दोन स्वर एकदम दाबून त्यांच्यातलं घर्षण ऐकवायचं, मग एक सोडून दुसरा धरून ठेवायचा, ही मंक यांची खूण. १९५४ मध्ये त्यांनी ‘ब्लू मंक’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. साधा बारा घरांचा (‘बार’चा) ब्लूज, पण अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढत जाणाऱ्या त्याच्या सुरुवातीत हाताची ही सवय उघड ऐकू येते. मंक १९८२ मध्ये गेले. २००६ मध्ये त्यांना मरणोत्तर पुलित्झर विशेष सन्मान मिळाला.

त्याच १९१७ सालच्या जानेवारीत बेळगाव जिल्ह्यातल्या कागवाडला रामभाऊ विजापुरे यांचा जन्म झाला. पुढे सगळा सीमाभाग त्यांना ‘विजापुरे मास्तर’ म्हणून ओळखू लागला. मंक यांच्यासारखी जगभर कीर्ती त्यांच्या वाट्याला आली नाही आणि त्यांचं काम वेगळ्या जातीचं होतं. ते मुख्यतः साथीदार होते. पण पट्टीच्या वाद्यावर आवाजाची वळणं उमटवण्याचा ध्यास दोघांचा सारखाच, आणि त्यासाठी दोघांनीही बोटांना जे वळण लावलं ते शिष्यांपर्यंत पोहोचलं.

या दोन जगांची आपल्याकडे एकदा गाठही पडली होती. टेडी वेदरफर्ड हे व्हर्जिनियात १९०३ मध्ये जन्मलेले पियानोवादक. १९२६ मध्ये शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगसोबत ते ध्वनिमुद्रणात वाजले, मग पूर्वेला निघाले, शांघाय गाजवलं आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. १९३७ मध्ये पॅरिसला त्यांनी एकट्याने वाजवलेल्या काही तबकड्या निघाल्या, त्यांत एक ब्लूजही आहे. १९४५ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात पटकीने त्यांचं निधन झालं. त्या काळात मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारे गोव्याचे कलाकार हे संगीत जवळून ऐकत होते. त्यांच्यापैकी ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ पुढे सी. रामचंद्रांच्या साथीला आले आणि १९५१ च्या ‘अलबेला’तल्या गाण्यांत तो रंग उतरला. सिनेमाच्या वाटेने हे संगीत घरोघरी पोहोचलं. शास्त्रीय मैफलीत मात्र पट्टीचं वाद्य म्हणून पेटीच होती.

फ्रान्समधून नाटक कंपनीच्या पिटात

पॅरिसच्या अलेक्झांड्र दबें यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला जमिनीवर आणलं. भाता मागच्या बाजूला आला, डाव्या हाताने तो मारायचा आणि उजव्या हाताने पट्ट्या वाजवायच्या. एका हाताला कायमचं काम लागलं, तेव्हा दोन हातांनी वाजवायच्या पाश्चात्त्य स्वरसंगतीची शक्यता जवळजवळ संपली. त्याची भरपाई म्हणून वादकाच्या डाव्या हातात श्वास आला. पियानोची पट्टी एकदा दाबली की तो स्वर क्षीण होत जातो, वादकाला त्यावर पुढे काहीच करता येत नाही. पेटीचा स्वर भात्याच्या दाबावर फुगतो, ओसरतो, पुन्हा भरतो.

मराठी संगीत नाटकाने हे वाद्य उचललं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं मूळ गाव गुर्लहोसूर बेळगाव भागातलं, आणि त्यांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून नाटक कंपन्या महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात फिरत राहिल्या. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, याच रंगभूमीवर गाजले. गायक भास्करबुवा बखले धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात काही वर्षं संगीत शिकवत होते. गाणं, नाटक आणि पेटी अशी तिन्ही एकाच रस्त्यावरून ये-जा करत होती आणि त्या रस्त्यावर मराठी-कन्नड असा भेद फारसा उरत नव्हता.

पेटीला स्वतःचा मान मिळवून दिला तो गोविंदराव टेंबे यांनी. १८८१ चा जन्म, कोल्हापूरचं वातावरण, तिथल्या देवल क्लबातलं ऐकणं आणि भास्करबुवांचा सहवास. १९११ मध्ये ‘मानापमान’च्या पदांना त्यांनी चाली दिल्या, १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी उभी केली, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीतही दिलं. इतक्या सगळ्या कामांत त्यांचं पेटीवादन हरवलं नाही. पेटी हे गाण्याला आधार देणारं वाद्य आहे ही समजूत पक्की असताना ते एकट्याने पेटी वाजवत आणि ती गायकासारखी ऐकू यावी असा त्यांचा प्रयत्न असे. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी त्यांनी वर्षानुवर्षं ऐकून मुरवली होती. नंतरच्या पेटीवाल्यांनी जो गायकी ढंग उचलला त्याचा उगम इथे आहे.

वाकवता न येणारा स्वर वाकवायचा कसा

पुन्हा भीमपलासाकडे येऊ. मध्यमावर बोट आहे आणि गांधारावर जायचं आहे. नवखा वादक मध्यम सोडतो आणि गांधार दाबतो. दोन स्वर सुटे पडतात, मध्ये बारीकशी भेग राहते. तयार वादक आधी भात्याचा दाब हलका करतो, मध्यमाची पट्टी दाबलेली असतानाच दुसऱ्या बोटाने काळी पट्टी उघडतो, एक क्षण दोन्ही स्वर एकमेकांत मिसळू देतो आणि मग मध्यम सोडून भाता पुन्हा भरतो. मध्यम विरत जातो, त्याच्याच पोटातून गांधार वर येतो. शुद्ध गांधाराची पट्टी बोटांच्या खाली असूनही तिला स्पर्श होत नाही. ब्लूजवाल्याचं बोट घसरतं, पेटीवाल्याचं एक बोट दुसऱ्यात विरघळतं. हा फरक भात्यामुळे पडतो. हे सगळं एका मात्रेच्या आत, गायकाच्या मागोमाग, पुढची जागा कुठली येणार हे ठाऊक नसताना करायचं असतं.

दरबारीचा गांधार आणखी कठीण. तो कोमल गांधाराच्याही खाली, आंदोलन घेत राहतो. पेटीवर आंदोलन नाही. तिथे जाणकार साथीदार गांधारावर ठाण मांडत नाही. रिषभ धरतो, गांधाराचा हलका कण देतो आणि बाकीचं गायकाच्या गळ्यावर सोपवतो. काय वाजवू नये हे कळणं हा या कलेचा मोठा भाग आहे.

स्वर कुठे बसवले आहेत हा दुसरा प्रश्न. पियानोसारखी लावलेली पेटी सप्तकाचे बारा समान भाग करते. एका सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तिचा शुद्ध गांधार ४०० वर येतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार ३८६ च्या आसपास असतो. १४ सेंटचा हा फरक तंबोऱ्याशेजारी बसलेल्या कानाला टोचतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बावीस श्रुतींची पेटी बनवण्याची खटपट केली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी त्या प्रयोगांत देवलांना साहाय्य केलं होतं. हेच खाँसाहेब सवाई गंधर्वांचे गुरू, म्हणजे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी यांचे गुरूंचे गुरू. श्रुतींची पेटी मैफलीत रुळली नाही. त्याऐवजी साध्या पेटीची रीड घासून ती तंबोऱ्याला मिळवून घेण्याची पद्धत रुजली. पितळी जिभेचं टोक किंचित घासलं की स्वर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. अशा लावणीला पेटीवाले ‘गांधार ट्यूनिंग’ म्हणतात. तिची किंमतही मोजावी लागते: एका पट्टीला लावलेली पेटी दुसऱ्या पट्टीत बेसूर वाटते.

रेडिओने दार लावलं

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लिहिलं होतं, रवींद्रनाथ टागोरांनाही ती नकोशी होती. मींड नाही, श्रुती नाहीत, वाद्य परदेशी, असे आक्षेप होते. त्यातले पहिले दोन खोटे नव्हते. ज्या वैगुण्यावर मात करण्यात पेटीवाल्यांनी आयुष्य घातलं होतं तेच वैगुण्य पुढे करून त्यांना बाहेर ठेवलं गेलं.

धारवाडचं आकाशवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झालं तेव्हाही ही बंदी होती. मल्लिकार्जुन मन्सूर पुढे या केंद्राचे संगीत सल्लागार झाले. या परिसराइतके थोर गायक एका टापूत क्वचितच सापडतील: मन्सूर, गंगूबाई, बसवराज राजगुरू, भीमसेन, आणि बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व. हे सगळे गावोगावच्या मैफलीत पेटीबरोबर गात आणि स्टुडिओत मात्र सारंगी किंवा व्हायोलिनबरोबर. १९७१ मध्ये बंदी सैल झाली आणि साथीला पेटी परत आली. स्वतंत्र वादनाला त्यानंतरही बराच काळ वाट पाहावी लागली. तीन दशकांतल्या किती पेटीवाल्यांचं वादन ध्वनिमुद्रित न होताच विरून गेलं, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

विजापुरे मास्तरांची साथ

मास्तर घडले त्या काळातच ही बंदी आली. त्यांचे पहिले गुरू अण्णिगेरी मल्लय्या. पुढे रामकृष्णबुवा वझे आणि शिवरामबुवा वझे यांच्याकडे त्यांनी गाण्याची तालीम घेतली. पेटीवादकाने गाणं शिकणं ही या परंपरेत जादाची हौस मानली जात नाही. जागा गळ्यातून कशी निघते, कुठे श्वास लागतो, कुठल्या स्वरावर गायक टेकतो हे ज्याने गाऊन पाहिलं आहे त्याचंच बोट योग्य वेळी योग्य पट्टीवर जातं. बेळगावात राहून, विद्यालय चालवत, शेकड्यांनी विद्यार्थी घडवत त्यांनी मन्सूर, गंगूबाई, भीमसेन, राजगुरू, कुमार गंधर्व अशा एकाहून एक वेगळ्या गळ्यांना साथ केली.

या गळ्यांतलं अंतर लक्षात घेतलं की साथीचं काम किती बिकट होतं ते कळतं. गंगूबाईंचा आवाज खालचा, भरदार. एकेका स्वराला किराण्याच्या रीतीने सावकाश उलगडणारा. तिथे खर्जाची रीड उघडी ठेवायची आणि बोटांची चळवळ आवरायची. मन्सूर जयपूर-अत्रौली घराण्याचे. मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांची तालीम, अनवट आणि जोड राग, लांबलचक न तुटणारे आलाप-तानांचे आकृतिबंध. एक राग कधी संपला आणि दुसऱ्याची छटा कधी आली हे कळायच्या आत वाक्य पुढे गेलेलं. तिथे साथीदाराला रागाचं पक्कं ज्ञान हवं, कारण ऐकून मागे वाजवायला वेळच उरत नाही. कुमार गंधर्व मध्येच थांबत, स्वर अर्धा सोडून देत. ती शांतता भरून काढायची की तशीच राहू द्यायची, हे दर वेळी नव्याने ठरवावं लागे.

जॅझमध्येही पियानोवाल्याचं अर्धं कर्तृत्व साथीत असतं. सॅक्सोफोनवाला वाजवत असताना पियानोवाला मधल्या फटींत स्वरसमूह टाकतो, त्याला ढकलतो, अडवतो, नवी दिशा सुचवतो. मंक तर कधी कधी वाजवणंच थांबवत आणि एकल वादकाला बास-ड्रमच्या भरवशावर सोडून देत. पेटीवाला गायकाची सावली होऊन किंचित मागून चालतो. गायक श्वास घ्यायला थांबला की त्याच्या शेवटच्या ओळीचा शेवट उचलून धरतो. एकाकडे स्वरसंगती आहे, दुसऱ्याकडे नाही. हा फरक मूलभूत आहे आणि तो पुसून टाकण्यात अर्थ नाही. तबल्याच्या एकल वादनात मात्र पेटी दुसऱ्याच भूमिकेत जाते. सोळा मात्रांचा एक लेहरा तासभर न हलता चालू राहतो, तबलेवाला त्यावर वाटेल तितकं दूर जाऊन समेवर परततो. शिकागोच्या बूगी-वूगी पियानोवाल्याचा डावा हात हेच करतो, फक्त तिथे दूर जाणारा उजवा हात त्याच माणसाचा असतो.

वारसा

मास्तर २०१० मध्ये बेळगावात गेले, वयाची नव्वदी ओलांडून. त्यांच्या हातची पेटी आता शिष्यांच्या हातांत आहे. बेळगावचे सुधांशू कुलकर्णी, बंगळुरूचे रवींद्र काटोटी हे स्वतंत्र पेटीवादनाच्या मैफली करतात. ज्या वादनाला आकाशवाणीने जागा दिली नव्हती त्याला ही पिढी तासभर एकटीने व्यासपीठावर मांडते. दुसरी एक वाट गोव्याची. मधुकर पेडणेकर म्हणजे पी. मधुकर यांच्याकडून ती बोरीच्या तुळशीदास बोरकरांकडे आली. बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले, आणि त्यांचे शिष्य मुंबईत नव्या मुलांना शिकवत आहेत. दोन्ही वाटांचे वादक एकाच मैफलीत ऐकले तर भात्याच्या वापरातला फरक लगेच जाणवतो: कुणी स्वर भरलेला ठेवतो, कुणी प्रत्येक वाक्यागणिक त्याला चढ-उतार देतो.

साथीदाराच्या वारशाची मोजदाद अवघड असते. तबकडीवर नाव गायकाचं ठळक, पेटीवाल्याचं बारीक, पुष्कळदा नाहीच. म्हणून तो ऐकण्यातूनच शोधावा लागतो. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ दर वर्षी रात्र-रात्र गाणं चालतं. तिथे बसलेल्याने एकदा तरी गायकाकडून लक्ष काढून पेटीवाल्याकडे न्यावं. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याने मास्तरांची साथ असलेली मैफल निवडावी आणि मध्यमावरून गांधारावर येणारी एकच जागा तीन-चारदा ऐकावी. पहिल्या खेपेला फक्त गायक ऐकू येतो. दुसऱ्या खेपेला त्याच्या मागून येणारी पेटी. तिसऱ्या खेपेला भाता कुठे हलका झाला आणि दोन स्वर कुठे एकमेकांत मिसळले तेही कळू लागतं. त्यानंतर ‘ब्लू मंक’ लावला तर न्यूयॉर्कमधला तो गांधारही परका वाटत नाही.